दादासाहेबांची होडी
खाडीकाठी दादासाहेब खोतांची नवी होडी ट्रॅक्टरच्या ट्रेलरवरून उतरेना. बारा गडी धापा टाकत होते, एकाचा पाय चिरडता चिरडता वाचला. तेव्हा जाळं विणत बसलेली हौसाबाई तांडेल उठली.

"दादासाहेब, गड्यांना सोडा. होडी मी एकटी उतरवते."

"तू? उतरव बघू!" खोत खो-खो हसले.

हौसाबाईनं होडीचा दोर हाती धरला आणि ट्रॅक्टरवाल्याला ट्रेलर चाकं बुडेपर्यंत पाण्यात मागे घ्यायला लावला. होडी अलगद तरंगली.

खोत चरफडले. "यात तुझी कसली करामत? होडी तर पाण्यानं उचलली!"

"होय, दादासाहेब. तुम्ही अख्खा गाव कामाला जुंपलात. पाण्याला तेवढं सांगायचं राहिलं होतं, ते मी सांगितलं."

गडी खदखदून हसले, आणि खोतांनाही हसू आवरेना.