गुलजारची भादरणी

"हा माझा कुत्रा नव्हे!" राजेसाहेब एवढ्या जोरात ओरडले की सदरेवरचे पारवे उडाले. "हे कुठलं गावठी ध्यान उचलून आणलंस? माझा गुलजार कुठं आहे?"

मी हातात कातर धरून उभा होतो. ती मी घाईघाईने पाठीमागे लपवली.

चूक माझीच होती, ती आधीच सांगून टाकतो. खैरगडच्या राजेसाहेबांचा लाडका गुलजार शिकारीहून परतला तो अंगभर गोखरू आणि कुसळं घेऊन. लांब केसांच्या नुसत्या गाठी झालेल्या. वाड्यातल्या न्हाव्याने सांगितलं, "मी माणसांची डोकी करतो." मग कारभाऱ्यांना माझी आठवण झाली. मेंढरं कातरण्यात या धुळा धनगराचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यांना ते मीच सांगितलेलं होतं.

"गुंता तेवढा काढ आणि जरा देखणा कर," कारभारी म्हणाले.

आता आजवर कुठल्याही मेंढीने मला देखणं करायला सांगितलेलं नाही. मी सवयीने गुलजारचे तीन पाय बांधले, त्याला आडवा घेतला आणि पोटापासून कातर लावली. माझा हात एकदा सुरू झाला की अख्खी लोकर सुटल्याशिवाय थांबत नाही. तो थांबला नाही. वर पाठीवर गेरूचा पट्टाही ओढला! कातरलेलं मेंढरू चुकून पुन्हा कातरायला घेऊ नये म्हणून आम्ही ओढतो, तसा. जणू गुलजारला कोणी पुन्हा माझ्याकडे पाठवणार होतं!

त्या रेशमी केसांखालून निघालं एक हडकुळं, लांब तंगड्यांचं कुत्रं. अंगभर काळे ठिपके. अशी चार तर आमच्याच मेंढरांमागे फिरतात.

"गुलजार अस्सल इराणी आहे," राजेसाहेब गरजले. "सौदागराने सात पिढ्यांची नावं लिहून दिलीत! त्याच्या अंगावर ठिपके? संकराचं कुत्रं माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही!"

"सरकार, ठिपकं आधीपास्नंच आसत्याल. म्या निस्तं वरचं काढलं," मी म्हणालो. हे मी बोललो नसतो तर बरं झालं असतं.

तेवढ्यात कुत्रं शेपूट हलवत राजेसाहेबांकडे धावलं.

"बगा सरकार, वळखलं!"

"माझ्यापुढे या राज्यात सगळेच शेपूट हलवतात!" राजेसाहेबांनी कारभाऱ्यांकडे बघत म्हटलं. "त्याचा पुरावा होत नाही. दिवस मावळायच्या आत हाच गुलजार आहे हे सिद्ध कर. नोकरांची साक्ष चालणार नाही. नाहीतर तुझी साठ मेंढरं सरकारजमा!"

साठ मेंढरं म्हणजे आमचं सगळं घरदार. मी फाटकाबाहेर आलो आणि ढसाढसा रडलो. बाहेर मेंढरं राखत माझी बायको लकाबाई बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अवं, कातरायच्या आदी इचारायचं तरी!"

"कुणाला? कुत्र्याला?"

"मला!"

एवढं बोलून ती थेट सदरेवर गेली. "सरकार, समदी तुमच्या मंदिलाफुडं शेपूट हलिवत्यात म्हंता न्हवं? मग घटकाभर मंदील काढा की."

"बाई, जिभेला काही हाड?" कारभारी खेकसले.

"बोलू द्या तिला," राजेसाहेब म्हणाले.

लकाबाईने अंगणात आठ माणसं ओळीने बसवली. कारभारी, पहारेकरी, मी आणि मधोमध राजेसाहेब. राजेसाहेबांच्या डोक्यावरचा जरीचा मंदील उतरला, मोजड्या निघाल्या, अत्तर धुतलं गेलं. प्रत्येकाच्या डोक्यावरून काळी घोंगडी. राजेसाहेबांना आली ती माझी, मेंढरांच्या वासाने भरलेली. "कुनी बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई," असं बजावून तिने कुत्रं सोडलं.

घोंगडीच्या फटीतून मी बघत होतो. कुत्र्याने कारभाऱ्यांना हुंगलं आणि सोडून दिलं. मग ते माझ्यापाशी आलं. नीट हुंगलं, खात्री करून घेतली आणि पाय वर केला! भादरणीची मजुरी मला तिथल्या तिथे मिळाली. घोंगडीतल्या घोंगडीत मी ती निमूट सोसली.

आणि मग ते सुटलं! पाचव्या घोंगडीत तोंड खुपसून कुं कुं करू लागलं, आत शिरून तोंड चाटू लागलं. घोंगडी गळून पडली. राजेसाहेबांचे गाल ओले झाले होते, आणि त्यांचे दोन्ही हात कुत्र्याच्या गळ्यात होते.

"गुलजार," ते हळूच म्हणाले.

"सरकार," लकाबाई म्हणाली, "तुमचा मंदील काढला, अत्तर धुतलं, वर मेंढराचा वास लावला, तरी यानं तुमास्नी वळखलं. याचं निस्तं केस काढलं, तर तुमी याला वळखलं न्हाई!"

राजेसाहेबांनी बराच वेळ गुलजारच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला गेरू लागला.

"ते खरं. पण बाई, हे ठिपके? म्हणजे माझा अस्सल इराणी संकराचाच ना?"

"व्हय सरकार! केस इराणी बापाचं, नाक धनगरी आईचं. बापाचं काय, चार म्हैन्यांत परत उगवंल. पर आज तुमास्नी हुडकून काढलं ते आईनं!"

राजेसाहेब आधी गालात हसले, मग पोट धरून हसले, आणि मग कारभाऱ्यांनीही हसायला सुरुवात केली.

"मेंढरं सोडली! आणि वाड्यामागचं कुरण लकाबाईला कायमचं चराईला दिलं!" राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "धुळालाही एक जरीचा फेटा द्या. आणि एक नवी घोंगडी द्या, या क्षणी त्याला तिचीच जास्त गरज आहे!"