धाकटीच्या मापाचा व्होल्टेज

यंत्रं आपसांत बोलत असत त्या काळी, कॉम्प्युटरच्या एका पेटीत रॅमच्या, म्हणजे सगळं लक्षात ठेवणाऱ्या, दोन पट्ट्या राहत, थोरली आणि धाकटी. मदरबोर्डकाका देतील तेवढा व्होल्टेज मुकाट घ्यायचा, का म्हणून विचारायचं नाही, असं दोघींना पहिल्या दिवसापासून बजावलेलं होतं.

मालकाला वेगाची हाव सुटली, तसा काकांनी व्होल्टेज चढवला. थोरली तापली, आकडे चुकू लागली. "सोस जरा," म्हणत काका चढवतच गेले. शेवटी ती जळाली.

मग तोच व्होल्टेज धाकटीपुढे आला.

"घे गं," शेजारच्या खाचेतले प्रोसेसरमामा म्हणाले. "थोरलीनं कधी तोंड उघडलं नाही."

"म्हणूनच मेली ती! आणि मामा, तिच्याबरोबर तुम्हीही भाजलात. ते का लपवता?"

मामांनी मान फिरवली.

"आपल्याकडे अशीच रीत आहे," काका गुरगुरले.

"रीत तुमची आणि जळायचं आम्ही? माझ्या मापाचा द्या, नाहीतर एक अक्षरही लक्षात ठेवणार नाही."

काकांनी पुन्हा जोर लावला. धाकटी ढिम्म राहिली आणि पडदा काळाच राहिला. पंखा तेवढा घरघरत होता. काका मामांकडे बघत राहिले, मामा थोरलीच्या खाचेकडे.