साहेबांचा शाडूचा गणपती

कराडला सगुणाबाईंचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्यांनी गिऱ्हाईकाच्या जीपसाठी पुण्याहून पुढची काच मागवली. ट्रान्सपोर्टच्या गोदामात खोकं उघडलं, तर आत नुसता चुरा. नुकसान बाईंच्या गळ्यात पडणार होतं.

मॅनेजर सबनीस म्हणाले, "काच आधीच फुटलेली असणार. आमचे हमाल माल फुलासारखा उतरवतात."

त्याच ट्रकमधून सबनीसांच्या घरचा शाडूचा गणपती आला होता. बाईंनी हमालांना हाक मारली, "साहेबांचा गणपती उतरवा रे. रोज माल उतरवता तसाच."

सबनीस खुर्ची सोडून ट्रककडे धावले. "कुणी हात लावू नका. मी घेतो."

"का हो साहेब? फुलासारखा उतरवतील की."

हमाल तोंड फिरवून हसले. मूर्ती उराशी धरूनच सबनीस कारकुनाला म्हणाले, "बाईंची काच भरून द्या."