लोण्याचा वास

“…आणि नाकच गेलं असेल तर, बाई?”

मी विचारलं तेव्हा बाई ग्लास पुसत होत्या. त्यांनी ग्लास उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि माझ्यासमोर ठेवला.

“कुणाचं?”

“माझं. आणखी कुणाचं?”

बाईंनी दुसरा ग्लास पुसायला घेतला.

बाई म्हणजे वसुधा कर्णिक. नाशिकबाहेर, धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर ‘हंडा’ नावाचा ब्रूपब आहे. तिथली बिअर त्या बनवतात. आयुष्यभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर, लोक मांजर पाळतात तसं, यीस्ट पाळलं. बिअर कशी हुंगायची, कशी चाखायची, हे मी त्यांच्याकडेच शिकले.

मग पुण्यापासून कोल्हापूरपर्यंतचे ब्रूपब हिंडले आणि त्यांच्या बिअरवर एका साप्ताहिकात लिहीत गेले. लोक वाचायचे. कोल्हापुरातल्या एका ठिकाणच्या गुळाच्या काळ्या बिअरला मी ‘लग्नात हमखास भेटणारा गोडबोल्या काका’ म्हटलं, तर त्यांनी पुढच्या खेपेला गूळच कमी केला. तेव्हा माझा ताठा काही औरच होता.

मग रेवा झाली.

आता ओढणीला दुधाचा वास, उशीला दुधाचा वास, लॅपटॉप उघडला तर त्यालाही. इतक्या महिन्यांत बिअरचा थेंब नाही, बिअरवर एक ओळ नाही. संपादकांनी दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडलं. अशात बाईंचा फोन आला. “नवी बिअर आहे. संध्याकाळी लोकांसमोर येणार. त्याआधी तू ये.”

आले. एवढंच माझं धैर्य.

बाईंनी लाकडी फळीवर तीन छोटे ग्लास मांडले. मी पर्समधून स्टीलचं भांडं काढून शेजारी ठेवलं.

“हे काय?” पबचे मालक उदयन शेवाळे गल्ल्यामागून वाकून बघत होते.

“थुंकायला. मी अजून बाळाला पाजते.”

“मॅडम, ही बिअर आहे हो. चूळ नव्हे.”

“उदयन,” बाई म्हणाल्या, “तू पोस्टर लाव.”

पोस्टर लावून झालेलंच होतं. भिंतभर. ‘आज संध्याकाळी : हंडा लागर’. उदयन तिथेच उभे राहिले.

पहिला ग्लास गव्हाच्या बिअरचा. वेलची केळं, मागून लवंग. ओळखीचं माणूस रस्त्यात भेटावं तसं वाटलं.

दुसरी काळी. कॉफी, आणि भाकरीचा करपलेला पापुद्रा.

बाई माझ्याकडे बघत होत्या. ग्लासांकडे नाही.

तिसरा ग्लास नव्या लागरचा. सोनेरी, इतकी नितळ की ग्लासातून खिडकी दिसत होती. नाकाशी नेला. भिजवलेल्या पोह्यांसारखा धान्याचा मऊ वास. आणि त्याच्याखाली…

मी ग्लास खाली ठेवला. खांद्यावरची ओढणी हुंगली. पुन्हा ग्लास. पुन्हा ओढणी.

मग सरळ बाहेर गेले आणि घरी फोन लावला.

“आई, रेवा…?”

“खिमट खाल्लं, निम्मं मला फासलं, झोपली,” सासूबाई म्हणाल्या. “तू काय करतेयस?”

“बिअर हुंगतेय.”

“मग नीट हुंग. एवढ्या लांब गेलीस ती काय मला फोन करायला?”

मी आत आले.

“काय आहे?” बाईंनी विचारलं.

“छान आहे. स्वच्छ आहे. म्हणजे…”

“म्हणजे?”

“काही नाही. माझंच काहीतरी.”

“ग्लासात काय आहे, ते मी विचारलं. तुझ्यात काय आहे, ते नंतर बघू.”

“लोण्याचा वास येतोय. ताकावरच्या ताज्या लोण्याचा नाही, सिनेमाच्या पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा. पण बाई, मला हल्ली सगळ्यालाच…”

“पहिल्या ग्लासाला आला?”

“नाही.”

“दुसऱ्या?”

“नाही.”

“ओढणीला?”

मी ओढणी पुन्हा हुंगली. “ओढणीला दूध आहे. लोणी नाही.”

“हं,” बाई म्हणाल्या.

उदयन मोठ्यानं हसले. “लोणी! काल माझ्या सगळ्या मित्रांनी प्यायली, एकालाही लोणी सापडलं नाही. मॅडम थेट गोकुळातूनच आल्या की काय!”

माझे कान तापले. गोरा माणूस लाल होतो, मी नुसतीच घामेजते.

“बाई, आपण गरम पाण्याची परीक्षा करू या,” मी म्हणाले. बाईंनीच शिकवलेली रीत. बिअरचा एक नमुना झाकून गरम पाण्यात ठेवायचा, एक तसाच. मग दोन्ही निववून शेजारी शेजारी हुंगायचे. बिअरमध्ये लोणी लपलं असेल तर गरम झालेल्या ग्लासातून ते उसळून वर येतं. “एकदा ती झाली की मी खात्रीनं सांगते.”

“मग तर किटलीही सांगेल,” बाई म्हणाल्या.

…

“पण मी चुकले तर?”

“तर चुकलीस.”

“संध्याकाळी एवढे लोक येणार आहेत.”

“माहीत आहे.”

“यांचं नाव आहे. पोस्टर आहे.”

“माहीत आहे.”

“अहो, बिअर तुमची आहे, बाई!”

“तेही माहीत आहे. मला जे माहीत नाही, ते सांग.”

…

मी तिसरा ग्लास उचलला. डोळे मिटले.

या वेळी ओढणी हुंगली नाही.

लोणी तिथेच होतं. एक घोट घेतला, तोंडात फिरवला. जिभेवर तेलकट साय धरल्यासारखी झाली. भांड्यात थुंकले, तरी साय हटेना. आणि तिच्या मागे आणखी एक गोष्ट होती. ती मला कुठल्या पुस्तकातून कळली नाही, तर नऊ महिने रोज जिच्याशी झटतेय, तिच्यामुळे कळली.

“हिची झोप झालेली नाही,” मी म्हणाले.

“काय झालेलं नाही?” उदयननी विचारलं.

“झोप. यीस्ट आधी हे लोणी तयार करतं आणि मग, उबेत पडू दिलं, तर तेच ते खाऊन टाकतं. त्याला तेवढा वेळ लागतो. हिला कुणीतरी मधेच उठवलंय. घाईनं थंड केलंय.” माझा आवाज जरा चिरकला, पण थांबला नाही. “ही आज द्यायची नाही. मी लिहीन तर हेच लिहीन.”

बाई उठल्या. मागच्या काचेपलीकडे टाक्या होत्या. त्या आत गेल्या, तिसऱ्या टाकीपाशी थांबल्या आणि थंडीचं बटण फिरवून बंद केलं.

इतका वेळ चाललेली घरघर थांबली. ती चालू होती हेच तोवर लक्षात आलं नव्हतं.

“बाई!” उदयन धावले. “अहो, परीक्षा तरी करा! नुसत्या हिच्या नाकावर?”

“हो.”

“आणि संध्याकाळी लोकांना काय देऊ? पाणी?”

“गव्हाची आहे की.”

“पोस्टर लागलंय! फोटोवाला येतोय! आणि दोन दिवसांनी असा काय मोठा फरक पडणार होता?”

…

बाई टाकीपासून वळल्या. 

“कोणते दोन दिवस?” मी विचारलं.

उदयननी बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग आपल्याच चपलांकडे.

“तुम्ही मुंबईला लेकीकडे गेला होता ना, बाई… तुम्ही सांगितलं होतं, आठवडाभर उबेत राहू दे. मी पाचव्या दिवशीच थंड करायला घेतली. म्हटलं, थंड व्हायलाही वेळ लागतोच. तारीख जवळ आलेली… आणि दिसायला तर किती सुंदर दिसत होती हो.”

“दिसते अजून,” बाई म्हणाल्या.

मला त्या पबच्या मधोमध उभं राहून ओरडावंसं वाटलं. सासूबाईंना फोन करावासा वाटला, संपादकांना, कोल्हापूरच्या त्या गूळवाल्याला. केलं काहीच नाही. ग्लास फळीवर ठेवला. जरा जास्तच जोरात.

उदयन भिंतीपाशी गेले. पोस्टरचा एक कोपरा नखानं उचकटला, मग दुसरा. फाडलं नाही. नीट गुंडाळी केली आणि बगलेत धरली.

“किती दिवस लागतील, मॅडम?” त्यांनी विचारलं.

बाईंना नाही. मला. आणि या खेपेचं ‘मॅडम’ वेगळं होतं. त्यात गोकुळ नव्हतं.

“ते तीच सांगेल,” मी म्हणाले. “रोज सकाळी एक ग्लास काढायचा आणि हुंगायचा. लोणी गेलं की थंड करायची. त्याआधी नाही.”

“आणि हुंगणार कोण?”

“मी येईन.”

बोलून गेले. रेवाला कोण बघणार, गाडी कोण काढणार, यातलं काही ठरलेलं नव्हतं. तरी शब्द परत घ्यावासा वाटला नाही. मी वही काढली आणि तिथेच उभ्या उभ्या पहिली ओळ लिहिली. खोडली नाही.

उदयन बाहेर फोनवर कुणाला तरी समजावत होते, “अहो, तयार नाहीये ती. नाही म्हणजे नाही. आमच्या परीक्षक आल्यात, त्यांनी सांगितलं.”

परीक्षक.

बाई नळाखाली ग्लास विसळत होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. फडकं घेतलं. एकेक ग्लास पुसू लागले. माझी छाती अशी फुगली होती की थोडी जागा नम्रपणालाही द्यावी म्हटलं.

“बाई, खरं सांगा. पहिल्या घोटालाच तुम्हाला कळलं होतं. माझ्या तोंडून वदवायचं होतं, म्हणून गप्प बसलात. हो ना?”

बाईंनी नळ बंद केला.

…

“मला?” त्या म्हणाल्या. “मला गेल्या दिवाळीपासून फोडणीचासुद्धा वास येत नाही गं.”