डोक्यावरचा हात

"मग विश्वासणाऱ्याला आजारावर अधिकार आहे की नाही? तेवढं एकच सांगा, पाळकसाहेब!"

नहेम्या अंगणात उभा राहूनच विचारत होता. चर्चच्या कारभारातून निवृत्त झालेले म्हातारे पाळक अमोलिक ओट्यावर बसून मेथी निवडत होते.

"आहे," ते म्हणाले. "आहे तर."

भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला समोरच्यानं आधीच कबुली दिली की त्याची मोठी पंचाईत होते. नहेम्याचं तसंच झालं.

"मग माझे बाबा का उठत नाहीत?"

पाळकांनी हातातली काडी बाजूला टाकली.

"बस," ते म्हणाले.

तो बसला नाही.

नहेम्या कोण, हे कालव्याकाठच्या गावांत कुणाला सांगावं लागत नसे. तापानं फणफणलेल्या लेकरांवर त्यानं हात ठेवले आणि ताप उतरले. पिणाऱ्यांनी त्याच्यासमोर बाटल्या फोडल्या. त्याच्या सभांना लोक टेम्पो करून येत. तो खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. प्रार्थना करताना त्याच्या डोळ्यांना येणारं पाणी खरं होतं. फक्त अलीकडे देवाशी बोलता बोलता तो मध्येच लोकांकडे बघायला लागला होता.

त्याचे वडील शांतवन. कालव्याची दारं उघडण्यात आणि लावण्यात जन्म गेलेला साधा माणूस. नाताळाच्या आधी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली.

"दवाखाना?" पाळकांनी विचारलं.

"केला. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, जेवढं परत येईल तेवढं आपलं." नहेम्याचा आवाज चढला. "मी रोज त्यांच्या डोक्यावर हात ठेवतो. येशूच्या नावात आज्ञा करतो. दुसऱ्यांच्या घरात जे होतं, ते माझ्याच घरात का होत नाही? आज लोक मागून बोलतात, उद्या तोंडावर विचारतील."

पाळकांनी मेथीची आणखी एक काडी उचलली.

"लोकांचं जाऊ द्या," तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला. "ते माझे बाबा आहेत हो."

आता कुठे पाळकांनी मेथीची परात बाजूला सारली.

"आज्ञा कशी करतोस? दाखव बरं."

"इथं?"

"इथंच."

नहेम्यानं पाय रोवले, उजवा हात पुढे केला आणि डोळे मिटले.

"नीघ! सोड हे शरीर! येशूच्या नावात सांगतो, चालता हो इथून!"

निंबावरचे कावळे उडाले. शेजारची बाई कुंपणावरून डोकावून गेली.

पाळकांनी मान हलवली. आवाज चांगला होता, त्यात शंका नाही.

"शांतवनच्या कानांना काही झालंय का?"

"नाही. ऐकू सगळं येतं त्यांना."

"मग रोज ऐकत असेल," पाळक म्हणाले. "पोरगं उशाशी उभं राहून 'चालता हो' म्हणतंय."

नहेम्याचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला.

"मी त्यांना नाही म्हणत... आजाराला म्हणतो."

"ते तुला ठाऊक. मला ठाऊक. देवाला ठाऊक."

...

नहेम्या आता पायरीवर टेकला. पाळकांनी विचारलं,

"तुझ्या डोक्यावर शेवटचा हात कुणी ठेवला?"

"देवाच्या एका मोठ्या सेवकानं. अभिषेकाच्या सभेत. हजारो लोक होते."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मीच ठेवतो," नहेम्या म्हणाला. बोलला आणि थबकला.

आमच्या ख्रिस्ती घरांतून एक रीत आहे. घराबाहेर पडणारा उंबऱ्याशी वाकतो आणि घरातलं वडीलधारं माणूस त्याच्या डोक्यावर हात ठेवून दोन शब्द प्रार्थना करतं. परीक्षेला निघा, नाहीतर बाजाराला. शांतवननं ही रीत कधी चुकवली नव्हती. फारच घाई असली तर ते नुसतं "प्रभू, लेकरू तुझं आहे" म्हणत आणि अंगठा कपाळावर टेकवून सोडून देत.

"सभेहून आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी," नहेम्या सांगू लागला. "दाराशी जीप उभी होती. बाबा उंबऱ्यापर्यंत आले, त्यांनी हात उचलला. मी म्हणालो, बाबा, आता राहू द्या, आता मीच लोकांवर हात ठेवतो."

"मग?"

"त्यांनी हात खाली घेतला." त्यानं वर पाहिलं. "पाळकसाहेब, मी थट्टेनं म्हणालो होतो."

"असशील."

"ते हसलेसुद्धा."

"हसणारच. बाप आहे."

...

"पुन्हा कधी उचलला?"

नहेम्यानं मान हलवली. नाही.

पाळक ओट्यावरून उठले. गुडघे धरून जरा वेळ उभे राहिले, मग काठी घेतली.

"चल."

नहेम्याच्या घरी त्याची आई मार्थाबाई खाटेशी बसून नवऱ्याला पेज भरवत होत्या. पाळकांना पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "सलाम, पाळकसायेब."

"सलाम, बाई. कसा आहे आमचा शांतवन?"

"काय सांगावं! तोंडातलं खाली जातंय, तेवढंच." शांतवनचा उजवा हात खाटेबाहेर लोंबत होता. मार्थाबाईंनी तो उचलून छातीवर ठेवला. हात घसरला आणि पुन्हा लोंबू लागला. "बघा, असं. किती येळा उचलून ठिवला तरी जाग्यावर ऱ्हातच न्हाई. कुनीतरी धरूनच बसावं लागतंय."

शांतवनची नजर मुलाकडे गेली आणि लगेच छपराकडे वळली.

नहेम्या सवयीनं उशाशी गेला. सवयीनंच त्याचा हात वर झाला.

"तिथं नको," पाळक म्हणाले. "इकडं ये. खाली बस."

त्यानं खाटेशेजारी गुडघे टेकले.

"वाक."

तो वाकला. लहानपणी उंबऱ्याशी वाकायचा तसाच, हनुवटी छातीला लावून. इतक्या सभा गाजवलेला तो गडी त्या खाटेशी अगदी लहान दिसत होता.

पाळकांनी काठी भिंतीला टेकवली. दोन्ही हातांनी शांतवनचा लोंबता हात उचलला, उंच धरला आणि मुलाच्या डोक्यावर ठेवला.

"मी काय बोलू?" नहेम्यानं डोळे मिटूनच विचारलं. पाळकांच्या बोटांना येणारा मेथीचा वास त्याच्या नाकाशी होता.

"काही नको."

...

घरात हालचाल नव्हती. बाहेर कालव्याचं पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज.

...

नहेम्याचे खांदे हलायला लागले.

"बाबा," तो म्हणाला. यावेळी त्याचा आवाज खाटेपलीकडेही गेला नसता. "चुकलं माझं, बाबा."

डोक्यावरचा हात जड होता, कोमट होता. त्याचा अंगठा कपाळावर टेकला होता, पूर्वी टेकायचा तिथंच. नहेम्याला वाटलं, आपण शाळेच्या कपड्यांत उंबऱ्याशी उभे आहोत आणि आपल्याला आता कसलीच भीती नाही. किती तरी वर्षांत त्याला इतकं निर्भय वाटलं नव्हतं. त्यानं काही मागितलं नाही, कुणाला काही बजावलं नाही. आज्ञा करायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

मार्थाबाईंच्या हातातली वाटी कलंडली. पेज लुगड्यावर सांडत राहिली आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

वेळ किती गेला कोण जाणे. मेथीचा वास आता येत नव्हता. नहेम्याच्या मनात एकाएकी म्हाताऱ्या पाळकांची काळजी आली. त्यांचं वय काय, त्यांनी असं ताटकळत उभं किती राहायचं!

"पाळकसाहेब," तो मान खाली घालूनच म्हणाला, "दमला असाल. बाबांचा हात सोडा आता. किती वेळ धरून ठेवाल?"

उत्तर उंबऱ्याकडून आलं.

"मी तो केव्हाच सोडलाय, बाळ."