दगडी पेटीतलं लाघव

एका राज्यात एके सकाळी लाघव म्हणून काही उरलंच नाही. नर्तकी पायात पाय अडकून पडू लागल्या, सोनारांच्या चिमट्यातून मणी निसटू लागले, सुगरणींच्या भाकऱ्या तव्याबाहेर पडू लागल्या. राणीचे दिवस भरत आले होते, आणि सुइणीच्या हातात साधा तांब्या टिकत नव्हता. राजकन्या पद्मरेखेची झोप उडाली. हा मांत्रिकाचा शाप तिच्यामुळेच लागला होता. दरबाराच्या उंच उंबऱ्याला अडखळून म्हातारा मांत्रिक वज्रजट पालथा पडला, तेव्हा सारे हसले होते; सर्वांत मोठ्याने ती.

ती त्याच्या गुहेकडे निघाली. वाटेत नदीकाठी खंड्या पक्षी चिखलात बसला होता. तोही सूर मारायला विसरला होता.

"लाघव सोडवायला निघालीस, की पुन्हा हसायला?" त्याने विचारलं.

"सोडवायला. बस माझ्या खांद्यावर."

"बसतो. पण पडशील तेव्हा आधी सांग."

गुहेत एका दगडी पेटीत लाघव कोंडलेलं होतं. आतून पाकोळीसारखी फडफड ऐकू येत होती.

वज्रजट म्हणाला, "तीन कामं. एक जरी जमलं तरी पेटी उघडेल. कोळ्याच्या धाग्यात मोती ओव."

धागा तुटला.

"भरली घागर घेऊन ओढ्यावर आडव्या टाकलेल्या वेळूवरून चालत ये."

घागर फुटली.

"निदान अंघोळ तरी झाली," खंड्या पंख झटकत म्हणाला.

"आता तिसरं. हातापायांचं लाघव मी काढून आणलं. जिभेचं तुमच्या दरबारात तेव्हाही नव्हतं. त्या दिवशी जे कोणीच बोललं नाही, ते बोलून दाखव."

"क्षमा करा, महाराज."

"ते दुसऱ्या दिवशी प्रधानाने येऊन सांगितलं. जा परत."

तिला वाट दाखवायला तो उठला आणि त्याचा लंगडा पाय गुहेच्या उंबऱ्याला अडकला. पद्मरेखा धावली. हातांनी धरणं जमेना, म्हणून तिने अंगच मध्ये घातलं. दोघं कोसळली. तिचं कोपर सोलवटलं. पेटीचं भान तिला राहिलं नाही.

"आजोबा, फार लागलं का हो?"

वज्रजट पाय धरून उठून बसला.

"गुडघ्याला," तो म्हणाला. "त्या दिवसापासून ठणकतोय, पोरी."

पेटीचं झाकण आपोआप सरकलं. खंड्याने बाहेरच्या ओढ्यात सूर मारला आणि मासा घेऊन वर आला.

त्याच सांजेला राणीला मुलगा झाला. सुइणीने त्याला अलगद झेललं. राजाने दरबाराचा उंबरा तासून घेतला. तो ओलांडून पहिला आत आला वज्रजट, राजकन्येचा हात धरून.