कालचं ऊन आणि आजची आंघोळ

"न्हाणीघरात विस्तव नको, धूर नको, आणि पाणी मात्र कडकडीत हवं!"

राजा चंडसेनानं भर दरबारात हुकूम सोडला. कारणही तसंच होतं. सकाळी आंघोळीच्या वेळी चुलीचा धूर त्याच्या डोळ्यांत गेला. डोळे पुसत तो दरबारात आला, तर समोर शेजारच्या राज्याचा वकील! तो म्हणाला, "महाराज, रडू नका! मी चारच दिवस राहणार आहे!"

सगळा दरबार तोंडावर शेला धरून हसला. राजाचा पारा चढला.

"म्हादबा पाणक्या! आठ दिवस देतो. नाही जमलं, तर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर हो!"

म्हादबा घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. "गोजरे, भांडी बांधायला घे. विस्तवाशिवाय पाणी कसं तापायचं?"

पण त्याची लेक गोजरा पाय चोळत बसली होती. राजवाड्याच्या गच्चीवर ती सांडगे वाळत घालायला गेली होती आणि अनवाणी पाय काळ्या फरशीवर पडला होता.

"बाबा, पांढऱ्या फरशीवर काही होत नाही, काळीवर चटका बसतो!" ती एकदम उठली. "भांडी राहू द्या. तांबटाला बोलवा!"

तांबटानं चार बोटं जाडीच्या, चपट्या तांब्याच्या पेट्या करून दिल्या. गोजरानं न्हाणीघराच्या भिंतीवरची काजळी खरवडली आणि तेलात कालवून पेट्यांना फासली. "महाराजांना हिनंच रडवलं ना? आता हिलाच कामाला लावते!"

वर जुन्या खिडक्यांच्या काचा बसवल्या, पेट्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून कलत्या ठेवल्या आणि आत पाणी भरलं.

आठव्या दिवशी दुपारी राजा प्रधानाला घेऊन गच्चीवर आला. त्यानं पेटीतल्या पाण्यात बोट घातलं.

"आई गं!"

बोट तोंडात घालून तो गोजराकडे बघतच राहिला.

प्रधान पुढे सरसावला. "महाराज, ही लबाडी आहे! सूर्य म्हणजे आगच की! आणि विस्तवाला तर बंदी आहे!"

"मग विझवा ना त्याला, प्रधानजी!" गोजरा म्हणाली. "घागर मी भरून देते, शिडी तुम्ही आणा!"

राजाच्या मिशा हलल्या. पण इतक्यात हार मानेल तो चंडसेन कसला!

"पोरी, उद्या दिवाळीची पहिली आंघोळ. ती करायची सूर्य उगवायच्या आधी! तेव्हा कुठून आणशील तुझा सूर्य? पाणी गार लागलं, तर फराळ परमुलखात करा!"

म्हादबा पुन्हा भांडी बांधायला निघाला. गोजरा मात्र पागेकडे धावली आणि पेंढ्याचे चार भारे घेऊन आली.

"अगं, आता घोड्यांनाही आंघोळ घालतेस का?" म्हादबा ओरडला.

"तुम्ही फक्त हंडा धरा, बाबा! आणि घरातल्या सगळ्या गोधड्या आणा!"

दुसऱ्या दिवशी पहाटे राजा तेल-उटणं लावून पाटावर कुडकुडत बसला. कोपऱ्यात पेंढ्याचा केवढा तरी ढीग!

"हे काय? दिवाळीत आंब्याची आढी?"

"आढीच आहे, महाराज. पण आंब्यांची नाही." गोजरानं गोधड्या ओढल्या, पेंढा बाजूला केला आणि हंड्यावरचं झाकण काढलं. "कालचं दुपारचं ऊन आढीत घातलं होतं. पिकलंय का बघा!"

भसकन वाफ वर आली. राजानं तांब्याभर पाणी अंगावर घेतलं आणि पाटावरच उडी मारली.

"हाय हाय! विसण! प्रधानजी, विसणाला गार पाणी आणा! पळा!"

प्रधान धोतर सावरत पळाला. राजा खदाखदा हसत सुटला. ओल्या हातानंच त्यानं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं. "आजपासून म्हादबा पाणीखात्याचा अधिकारी! आणखी काय हवं, पोरी?"

"उरलेलं गरम पाणी द्या, महाराज, आणि लवकर! उजाडत आलंय, आमची आंघोळ अजून व्हायचीय. उजाडल्यावर न्हाणारा नरकात जातो म्हणतात, आणि तिथं चुली फार, धूर फार!"

राजा हसून हसून पाटावरून घसरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. या वेळी मात्र न्हाणीघरात धुराचा मागमूसही नव्हता!